छोट्या कार्यालयासाठी परवडणारा संगणक

ग्रामपंचायतीचे कार्यालय, शाळेतील लिपिकाची खोली, गावातील सेवा सहकारी संस्थेची कचेरी ही ग्रामीण जीवनातील नित्य वर्दळीची ठिकाणे होत. घरपट्टीची पावती, नमुना आठचा उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, शाळा सोडल्याचा दाखला अशा कोणत्या ना कोणत्या कारणाने प्रत्येक कुटुंबाला तेथे यावे लागते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये अमलात आला आणि अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला. पंचायतींच्या नियोजनासाठी व हिशेबासाठी २४ एप्रिल २०२० रोजी ‘ई-ग्रामस्वराज’ हे केंद्रीय संकेतस्थळ सुरू झाले. शाळांना आपली माहिती ‘यू-डायस प्लस’वर भरावी लागते. या सर्व कामांचा भार सरतेशेवटी टेबलावरच्या एका संगणकावर येऊन पडतो. तो चालला तर कार्यालय चालते. तो अडला तर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून दाखल्यासाठी आलेला माणूस ‘उद्या या’ एवढेच ऐकून परत जातो.

असा संगणक खरेदी करताना बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट घडते. विक्रेत्याच्या सल्ल्याने सर्वांत नवा, सर्वांत वेगवान म्हणून सांगितला जाणारा संगणक घेतला जातो आणि त्याची निम्मी शक्ती कधीच उपयोगात येत नाही. किंवा सर्वांत कमी दराचे दरपत्रक मंजूर होते आणि दोन पावसाळ्यांत यंत्र कोपऱ्यात जाऊन बसते. दोन्ही प्रकारांत स्वनिधीतील रक्कम वाया जाते. वस्तुतः छोट्या कार्यालयाचा संगणक काही मोजक्याच कारणांनी मंद होतो आणि काही मोजक्याच कारणांनी बिघडतो. तो मंद होतो तो मुख्यतः साठवणुकीच्या जुन्या पद्धतीमुळे, आणि बिघडतो तो मुख्यतः विजेमुळे. पैसा या दोन ठिकाणी आधी खर्च करावा व उरलेल्या रकमेत बाकीचे घटक बसवावेत, हे सूत्र धरून सुटे भाग जुळवून परवडणारा संगणक कसा तयार करता येईल याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संगणक थांबतो कोठे?

कार्यालयीन कामाचे स्वरूप प्रथम ध्यानात घेऊ. पत्रे टंकलिखित करणे, तक्ते करणे, संकेतस्थळांवर माहिती भरणे, कागदपत्रे स्कॅन करून पाठविणे, दाखले छापणे. यांतील एकाही कामाला गणनाची प्रचंड शक्ती लागत नाही. चित्रपटाचे संपादन किंवा अवजड खेळ यांसाठी जे महागडे ग्राफिक्स कार्ड लागते त्याचा येथे काडीचाही उपयोग नाही.

तरीही अनेक कार्यालयांत सकाळी संगणकाची कळ दाबल्यावर तो कामास तयार होईपर्यंत चहा पिऊन होतो. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. संगणकाची तुलना कचेरीशीच करू. प्रोसेसर म्हणजे काम उरकणारा लिपिक; मेमरी, म्हणजेच रॅम, हे त्याचे टेबल; आणि हार्ड डिस्क हा दप्तरखाना. लिपिक कितीही तडफदार असला तरी दप्तरखान्यातून गठ्ठा येईपर्यंत तो हात बांधूनच बसणार. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय चकत्या मिनिटास ७,२०० फेरे घेतात, म्हणजे एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचन-टोकाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, सुमारे ४.२ मिलिसेकंद, थांबावे लागते. टोक योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी आठ-नऊ मिलिसेकंद जातात. म्हणजे एक नोंद आणण्यास बारा-तेरा मिलिसेकंद. एका सेकंदात अशा जेमतेम ऐंशी नोंदी. संगणक सुरू होताना ठिकठिकाणी विखुरलेल्या हजारो लहान नोंदी वाचाव्या लागतात. मिनिटे कोठे जातात हे या हिशेबावरून स्पष्ट व्हावे.

एसएसडी या नावाने मिळणाऱ्या साठवणुकीत फिरणारी चकती नसते. माहिती सिलिकॉनच्या चिपांमध्ये असते व एक नोंद मिलिसेकंदाच्या दशांशाहूनही कमी वेळात हाती येते. हा फरक दुप्पट-तिप्पट असा नसून शंभरपटीच्या घरातील आहे. म्हणून आमचे असे स्पष्ट मत आहे की, प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा लागला तरी चालेल, परंतु संगणक एसएसडीवरच चालावा. ५०० जीबीची क्षमता छोट्या कार्यालयाला पुष्कळ होते; २५० जीबीवरही काम भागते. मदरबोर्डवरील एम-२ खाचेत बसणारी एनव्हीएमई प्रकारची एसएसडी आता साध्या साटा प्रकाराच्याच भावाच्या आसपास मिळते, तेव्हा नव्या संगणकात तीच घ्यावी.

एसएसडी लिहून लिहून झिजते, अशी शंका काही जण काढतात. ती निराधार नाही. पण हिशेब करून पाहावा. सामान्य ५०० जीबी एसएसडीवर बहुधा दीडशे ते तीनशे टेराबाइट लेखनाची मर्यादा दिलेली असते. कार्यालयाने रोज २० जीबी लिहिले, आणि इतके सहसा कोणी लिहीत नाही, तरी वर्षाला सात टेराबाइटच्या आसपास होतात. दीडशेची मर्यादा गाठण्यास वीस वर्षे लागतील. खरा धोका वेगळा आहे. जुनी हार्ड डिस्क मरण्यापूर्वी पुष्कळदा खरखर करून सूचना देत असे; एसएसडी एखाद्या सकाळी मुकाट्याने बंद पडते. त्यामुळे प्रतीची व्यवस्था अधिकच आवश्यक होते, तिचा विचार पुढे येईल.

मेमरीचे प्रमाण ८ जीबीहून कमी नसावे. आजचे ब्राउझर पाच-सहा संकेतस्थळे उघडताच चार जीबी खाऊन टाकतात. मग टेबल भरल्यामुळे लिपिकाला कागद पुन्हापुन्हा दप्तरखान्यात ठेवावे लागतात आणि संगणक रेंगाळतो. सुरुवातीस ८ जीबीची एकच पट्टी घेऊन दुसरी खाच मोकळी ठेवावी, म्हणजे पुढे निधी उपलब्ध होईल तेव्हा जुनी पट्टी न काढता भर घालता येते.

जुन्या संगणकाचा आधी विचार

येथे एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे वाटते. कार्यालयात सहा-सात वर्षांपूर्वीचा, पण हार्ड डिस्कवर चालणारा संगणक असेल, तर नव्याचा ठराव करण्यापूर्वी त्यात साटा प्रकारची एसएसडी व मेमरीची एक पट्टी बसवून पाहावी. नव्या संगणकाच्या किमतीच्या अल्पशा भागात तोच संगणक पुन्हा कामाचा होतो, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

जुन्या संगणकाची आणखी एक व्याधी अनेकांना चकविते. सर्व काही ठीक असते, इंटरनेट चालू असते, परंतु शासकीय संकेतस्थळे ‘सुरक्षित नाही’ असे सांगून उघडण्यास नकार देतात. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. ती कित्येक वर्षे मागची दिसली, तर मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराचा सेल संपला आहे असे समजावे. सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला आरंभाची व समाप्तीची तारीख असते. संगणकाची तारीखच चुकली की ते प्रमाणपत्र त्याला अवैध वाटते. सीआर-२०३२ या क्रमांकाचा हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. एवढ्यासाठी संगणक निकामी ठरविल्याची उदाहरणे नसती तर हा परिच्छेद लिहावा लागला नसता.

नवा संगणक घेण्यास भाग पाडणारे एक कारण मात्र खरे आहे. विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय व ठराविक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर चालतात. त्याहून जुन्या यंत्राला लिनक्सचा मार्ग मोकळा आहे.

प्रोसेसर व मदरबोर्ड

प्रोसेसरच्या निवडीत फार काळ घालविण्याचे कारण नाही. इंटेलचा २०२२ च्या आरंभी आलेला कोअर आय-३ १२१०० हा चार गाभ्यांचा किंवा एएमडीचा २०२१ मधील रायझन ५ ५६००-जी हा सहा गाभ्यांचा प्रोसेसर, अथवा त्यांच्या नंतरच्या पिढीतील त्याच दर्जाचा कोणताही, कार्यालयाला अनेक वर्षे पुरेल. महत्त्वाचे आहे ते नावाच्या शेवटचे अक्षर. इंटेलच्या क्रमांकाच्या शेवटी ‘एफ’ असल्यास त्या प्रोसेसरमध्ये पडद्यावर चित्र उमटविण्याची सोय नसते. तो काहीसा स्वस्त दिसतो. पण मग वेगळे ग्राफिक्स कार्ड विकत घ्यावे लागते आणि वाचलेले पैसे दामदुप्पट जातात. एएमडीच्या या मालिकेत ‘जी’ अक्षर असलेल्या प्रोसेसरमध्ये ही सोय असते.

दुसरी सावधगिरी शब्दांची. ‘आय-३ संगणक, ८ जीबी’ एवढेच लिहून दरपत्रक मागविण्याचा प्रघात आहे. आय-३ हे नाव २०१० पासून वापरात आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीचा, दुसऱ्याच्या यंत्रातून काढलेला प्रोसेसरही आय-३ च असतो व तो पुरविणारा विक्रेता अटींचा भंग केला असे म्हणता येत नाही. म्हणून दरपत्रकात प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, ‘नवा, पेटीबंद, निर्मात्याच्या हमीसह’ हे शब्द आणि प्रत्येक घटकाचे नाव स्वतंत्रपणे लिहावे.

मदरबोर्ड प्रोसेसरला अनुरूप असावा लागतो. वर सांगितलेल्या इंटेल प्रोसेसरला एच-६१० चिपसेटचा साधा बोर्ड पुरतो. मेमरीचा प्रकार डीडीआर-४ की डीडीआर-५ हे बोर्डावर ठरते. एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही, हे खरेदीपूर्वी जुळवून घ्यावे. बोर्ड मायक्रो-एटीएक्स या प्रमाण मापाचा, म्हणजे अधिकात अधिक २४४ मिलिमीटर लांब-रुंद असावा. या प्रमाण मापातच जुळवणीच्या संगणकाचा खरा फायदा आहे. नामांकित कंपन्यांच्या तयार संगणकांपैकी पुष्कळांत वीजपुरवठ्याचा भाग व त्याच्या जोडण्या त्या-त्या कंपनीच्या खास मापाच्या असतात. हमीची मुदत असेपर्यंत कंपनीचा तंत्रज्ञ दारी येतो, हा त्यांचा निश्चितच मोठा गुण होय आणि तालुक्याच्या गावापासून दूर असलेल्या कार्यालयाने तो लक्षात घ्यावा. परंतु मुदत संपल्यावर तोच भाग मिळविण्यासाठी आठवडे जातात. प्रमाण मापाचा भाग मात्र तालुक्याच्या दुकानात, निदान जिल्ह्याच्या बाजारपेठेत मिळतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत जाण्याची वेळ क्वचितच येते.

वीज

ग्रामीण भागात संगणक बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण वीज हे होय, आणि नेमके येथेच पैसे वाचविले जातात. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ मिळणारा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, हा या बचतीचा पहिला नमुना. त्याच्या अंगावर ४५० वॅट असे छापलेले असते. आतील घटक मात्र तेवढे सोसणारे असतीलच असे नाही. हा डबा घरगुती प्रवाहाचे १२, ५ व ३.३ व्होल्टच्या स्थिर प्रवाहात रूपांतर करतो. तो दगावताना कधी कधी मदरबोर्ड व एसएसडी यांनाही सोबत नेतो. आपल्या संगणकाला प्रत्यक्षात शंभर वॅटही लागत नाहीत, तेव्हा अधिक वॅटच्या मागे न लागता ‘८० प्लस’ हे कार्यक्षमतेचे चिन्ह असलेला, नावाजलेल्या निर्मात्याचा ४०० ते ४५० वॅटचा डबा स्वतंत्रपणे विकत घ्यावा. हजार-दीड हजार रुपयांचा हा जादा खर्च संपूर्ण यंत्राचा विमा आहे असे समजावे.

यूपीएस ही चैन नव्हे. आपला वीजदाब २३० व्होल्ट गृहीत धरलेला असला तरी शेतीपंप सुरू होण्याच्या वेळी तो गावाच्या टोकाला बराच खाली येतो. ‘लाइन-इंटरॅक्टिव्ह’ प्रकारचा ६०० व्हीएचा यूपीएस दाबातील असे चढउतार बऱ्याच अंशी सावरून घेतो. या आकड्याविषयी गैरसमज आहे. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हेत. अशा यूपीएसची क्षमता बहुधा ३६० वॅट असते. आतील १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर ८४ वॅट-तास देते. रूपांतरातील घट व जलद उपशामुळे प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी मिळते. मॉनिटरसह ८०-९० वॅट खेचणारा संगणक तिच्यावर दहा ते वीस मिनिटे चालतो. हा वेळ काम करीत राहण्यासाठी नसून नोंद जतन करून संगणक रीतसर बंद करण्यासाठी आहे. जेथे वीज तासन् तास जाते तेथे शाळेत किंवा पंचायतीत बसविलेला इन्व्हर्टरच उपयोगी पडतो. त्यावरील बटण ‘यूपीएस’ या स्थितीत ठेवावे, म्हणजे वीज जाताना होणारा खंड संगणक सोसू शकतो.

लेझर प्रिंटर यूपीएसच्या बॅटरीवरील सॉकेटला कदापि जोडू नये. कागदावर शाई पक्की करण्यासाठी त्यातील तापक क्षणभर जवळजवळ हजार वॅट खेचतो. यूपीएस वारंवार ‘टूं टूं’ करून बंद पडतो अशी तक्रार आली की प्रथम प्रिंटरची वायर कोठे गेली आहे ते पाहावे.

आता अर्थिंग. जुन्या शाळांच्या इमारतींत तीन छिद्रांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या छिद्राची तार भिंतीतच संपलेली असते. संगणकाच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या आल्या तर हेच कारण. गावातील परवानाधारक वायरमनकडून न्यूट्रल व अर्थिंग यांच्यातील दाब मोजून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टांहून अधिक भरल्यास दुरुस्ती करावी. कोळसा-मिठाच्या पद्धतीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतत राहावे लागते. शिपायाच्या कामाच्या यादीत एवढी एक ओळ घातल्याने हजारो रुपयांचे यंत्र वाचते. मराठवाड्याच्या व विदर्भाच्या कोरड्या ऋतूत अर्थिंग सुकणे हा नेहमीचा प्रश्न आहे. कोकणात उलट प्रकार: तेथे दमट हवेने जोडण्यांवर गंज चढतो. पावसाळ्याच्या सुटीतही संगणक दर एक-दोन दिवसांनी तासभर चालू ठेवावा. आतील उष्णतेने ओल धरत नाही.

जुळवणी

सर्व भाग आल्यावर जुळवणी हे दोन-तीन तासांचे काम आहे. शाळेत ती विद्यार्थ्यांच्या समोर करावी असे आवर्जून सुचवावेसे वाटते. पुस्तकातील आकृतीपेक्षा उघडा मदरबोर्ड अधिक शिकवितो. काम करणाऱ्याने आरंभी व मध्येमध्ये कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावावा, म्हणजे अंगातील स्थिर वीज निघून जाते. ही वीज आपल्याला जाणवत नाही, पण चिपला इजा करू शकते.

मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, मेमरी, एसएसडी व पंखा बाहेरच बसवून घ्यावा. प्रोसेसरच्या कोपऱ्यातील त्रिकोणी खूण खोबणीच्या खुणेशी जुळवावी आणि तो अलगद ठेवावा. दाबून बसवायची ही वस्तू नव्हे. मेमरीची पट्टी मात्र खटका ऐकू येईपर्यंत दाबावी लागते. नंतर २४ टोकांची मोठी जोडणी व प्रोसेसरसाठी असलेली वेगळी छोटी जोडणी देऊन, मॉनिटर जोडून, यंत्र एकदा बाहेरच सुरू करून पाहावे. चित्र उमटले की मगच कॅबिनेटमध्ये चढवावे. कॅबिनेटमधील पितळी उंचवटे बोर्डाच्या छिद्रांखालीच असावेत. एखादा जास्तीचा राहिला तर तो बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्टसर्किट होते. मागील बाजूच्या रिकाम्या पट्ट्या काढून फेकू नयेत. त्या फटींतून उंदीर व पाली आत शिरतात, आणि उंदराने कुरतडलेल्या वायरीला कोणत्याही कंपनीची हमी लागू होत नाही.

प्रणाली आणि मराठी

परवडणाऱ्या संगणकाचा हिशेब यंत्रापाशी संपत नाही. विंडोज व ऑफिस यांचे परवाने रीतसर घेतल्यास एकूण खर्चात मोठी भर पडते. विक्रेत्याने ‘टाकून दिलेली’ अनधिकृत प्रत शासकीय कार्यालयाने कदापि स्वीकारू नये. ती बेकायदेशीर तर आहेच, शिवाय अशा प्रतींतून घातक प्रोग्राम शिरण्याचा धोका असतो. दुसरा पर्याय लिनक्सचा. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली किंवा उबुंटू यांना परवान्याचे मूल्य नाही, आणि लिबर-ऑफिसमध्ये पत्रे व तक्ते चांगले होतात. केरळमध्ये शालेय शिक्षणासाठी तेथील शासनाच्या ‘काईट’ या संस्थेने मुक्त प्रणाली राज्यभर रुजविली आहे. तथापि ग्रामपंचायतीने एक खात्री आधी करून घ्यावी. ई-ग्रामस्वराजवरून होणाऱ्या देयकांसाठी डिजिटल स्वाक्षरीचे टोकन संगणकाला जोडावे लागते. आपल्याकडील टोकनचा प्रोग्राम लिनक्सवर चालतो की नाही हे पुरवठादाराला विचारावे; चालत नसल्यास त्या एका संगणकापुरता विंडोजचा परवाना घेणेच शहाणपणाचे. शाळेच्या संगणक कक्षाला ही अडचण नसते.

मराठीविषयी दोन शब्द. जुन्या फाँटांत टंकलिखित केलेले ठराव दुसऱ्या संगणकावर निरर्थक इंग्रजी अक्षरांत दिसतात, कारण त्या फाँटांत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठविलेलाच नसतो; इंग्रजी अक्षराला केवळ मराठी रूप दिलेले असते. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे मजकूर कोठेही वाचता येतो व शोधताही येतो. विंडोज आणि लिनक्स दोहोंतही युनिकोड व इनस्क्रिप्ट कळफलक विनामूल्य उपलब्ध आहेत. इनस्क्रिप्टची मांडणी भारतीय मानक संस्थेच्या १९९१ च्या मानकात आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, इतकी ती सुटसुटीत आहे. यासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घेण्याची गरज नाही.

प्रत

कर आकारणीची नोंदवही, शाळेचे जनरल रजिस्टर, ठरावांच्या नोंदी यांच्या स्कॅन केलेल्या प्रती संगणकावर असतात. जनरल रजिस्टरमधील जन्मतारखेची किंवा जातीची एक नोंद पुढे कोणाच्या शिक्षणाचा, कोणाच्या नोकरीचा आधार ठरते, हे शिक्षकांना सांगावयास नको. या माहितीच्या तीन प्रती असाव्यात: एक संगणकात, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी कार्यालयाच्या बाहेर, मग ती शासनाने दिलेल्या सर्व्हरवर असो वा दुसऱ्या इमारतीतील कपाटात. बाहेरची हार्ड डिस्क प्रत घेण्यापुरतीच जोडावी. ती सदैव जोडलेली असेल तर वीज कोसळल्यास किंवा खंडणी मागणारा घातक प्रोग्राम शिरल्यास मूळ प्रतीबरोबर तीही जाते. जुन्या संगणकातून काढलेली सुस्थितीतील हार्ड डिस्क तीन-चारशे रुपयांच्या डबीत घालून या कामी वापरता येते. मंद असली तरी येथे घाई नसते.

खर्च व खरेदी

२०२५ च्या मध्यास वर वर्णिलेला संगणक, म्हणजे आय-३ दर्जाचा प्रोसेसर, ८ जीबी मेमरी, ५०० जीबी एसएसडी, चांगला एसएमपीएस, २२ इंची मॉनिटर व यूपीएस धरून, विंडोजच्या परवान्याखेरीज, सुमारे चाळीस हजार रुपयांत होत असे. यांत प्रोसेसरचा वाटा दहा-अकरा हजारांचा व मॉनिटरचा सहा-सात हजारांचा होता. त्यानंतर २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर एकाएकी चढले. तेव्हा जुने अंदाजपत्रक पुढे न ओढता खरेदीच्या वेळचे दर मागवावेत आणि १८ टक्के वस्तू व सेवा कर त्यात धरला आहे की नाही ते पाहावे.

सुटे भाग चार दुकानांतून स्वतंत्र देयकांवर आणणे खाजगी माणसाला सोयीचे असले तरी कार्यालयाने तसे करू नये. खरेदीचे तुकडे पाडले, असा आक्षेप लेखापरीक्षणात येतो. घटकांची तपशीलवार यादी जोडून एकाच विक्रेत्याकडून एक संपूर्ण संगणक म्हणून, लागू असलेल्या खरेदी नियमांप्रमाणे किंवा केंद्र शासनाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘जेम’ संकेतस्थळावरून तो घ्यावा. देयकावर प्रत्येक घटकाचा अनुक्रमांक व हमीची मुदत लिहून घ्यावी, कारण जुळवणीच्या संगणकात हमी यंत्राला नसून घटकाला असते: प्रोसेसर, मदरबोर्ड व मेमरी यांची मुदत वेगवेगळी असू शकते.

जडवस्तू संग्रह नोंदवहीत संगणकाची नोंद एकच करावी, परंतु शेऱ्याच्या रकान्यात घटकांचे अनुक्रमांक उतरवावेत. पुढे एखादा घटक बदलला तर तारखेसह तेथेच नवा क्रमांक लिहावा व काढलेला घटक कोठे गेला हेही लिहावे. यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. ती घेणाऱ्या दुकानदाराकडून जुन्या बॅटरीची किंमत वजा करून घेता येते, आणि ती रक्कम पावतीवर दाखवून घ्यावी. इतर निकामी भाग भंगारवाल्याला न देता १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे सोपवावेत. मात्र त्यापूर्वी हार्ड डिस्क किंवा एसएसडी काढून घ्यावी व तीवरील माहिती कायमची पुसली किंवा ती डिस्क फोडून नष्ट केली याचा दाखला, सक्षम अधिकाऱ्याच्या स्वाक्षरीने, निर्लेखनाच्या कागदांना जोडावा.